योगपाठशाळेत पहिल्यांदाच राहायला जाताय? सणावारांसकट सगळं सांगते

पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या बॅगेत जांभळ्या रंगाची महागडी मॅट होती, तीन घट्ट योगा पँट होत्या आणि प्रोटीन पावडरचा डबा होता. बॅटरी नव्हती, तांब्या नव्हता, जाड चादर नव्हती. डिसेंबरचा महिना. रात्री साडेआठला लाइट गेली ती पहाटेची घंटा झाली तरी आली नाही, आणि न्हाणीघर शोधता शोधता मी अंधारात गोठ्यात जाऊन उभी राहिले. तिथल्या गायीनं माझ्याकडे जसं बघितलं, तसंच पुढचे चार दिवस सगळे बघत होते.

मी परभणीची. बालाघाटाच्या डोंगरात, अंबाजोगाईपासून थोडं आत, जुन्या वळणाच्या एका योगपाठशाळेत मी आधी चार महिने राहिले. आता दरवर्षी एखादा सण धरून पंधरा-वीस दिवस जाते आणि नव्या लोकांना खोली दाखवण्यापासून ते नेतीची, म्हणजे पाण्यानं नाक धुण्याची लोटी कशी धरायची इथपर्यंत सगळं सांगायचं काम माझ्याकडे येतं. तेच इथं लिहून ठेवतेय. पाठशाळेचं नाव देत नाही, कारण मध्येच दोन तक्रारीही करणार आहे.

१. आधी एक गोष्ट ठरवा: शिकायला जाताय की सर्टिफिकेटला?

दोन्हीत वाईट काही नाही, पण दोन्ही एकाच ठिकाणी मिळेल असं धरून जाऊ नका. जुन्या पाठशाळेत दिवसातून आसनं जेमतेम सव्वा तास होतात. बाकीचा दिवस झाडलोट, गोठा, भाजी निवडणं, पाठांतर, प्राणायाम आणि गप्प बसणं यात जातो. पुढं योगशिक्षक म्हणून नोकरी करायची असेल तर आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षा आहेत. त्यांचा अभ्यासक्रम बघा आणि पाठशाळेला सरळ विचारा, की तुमच्याकडे याची तयारी होते का. '२०० तासांचा कोर्स' अशी जाहिरात दिसली तर एवढं लक्षात असू द्या, की हा तासांचा हिशेब अमेरिकेतल्या एका खासगी संस्थेच्या नोंदणीतून आलेला आहे. त्याचा सरकारी मान्यतेशी संबंध नाही.

२. कधी जायचं

कार्तिक ते माघ. म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, विहिरी तळाला जातात, कुठं कुठं टँकर लागतो. त्यात पहाटेची आंघोळ एका बादलीत, कपडे आठवड्यातून दोनदाच. नव्या माणसाची साधना तिथंच आटते.

दुसरं सांगणं थोडं वेगळं आहे. एखादा सण मध्ये येईल अशा बेतानं जा. नुसत्या रोजच्या दिनक्रमावर पाठशाळा कळत नाही. सणाच्या दिवशी तोच दिनक्रम मोडतो किंवा वाकतो, आणि तो कुठं वाकला ते बघितलं की तो होता कशासाठी हे कळतं. यावर खाली सविस्तर लिहिलंय.

३. जाण्याआधी फोनवर विचारायचे प्रश्न

संकोच करू नका. मी केला आणि पस्तावले.

पैशाचं काय? काही ठिकाणी ठरलेलं शुल्क असतं, काही ठिकाणी दक्षिणापेटी असते. 'तुमच्या श्रद्धेनं द्या' असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न लगेच विचारा: साधारण लोक किती देतात? माझी पहिली तक्रार हीच. आधी 'श्रद्धेनं' म्हणाले आणि निघायच्या दिवशी कार्यालयातल्या माणसानं आकडा लिहिलेली चिठ्ठी पुढं केली. आकडा जास्त नव्हता, पण तो आधी सांगितला असता तर मी रुसले नसते.

बायकांसाठी: पाळीच्या दिवसांत काय नियम आहेत? काही पाठशाळांत स्वयंपाकघर आणि पूजा बंद असते, काही ठिकाणी कुणी विचारतही नाही. आमच्याकडे स्वयंपाकघर बंद होतं. ही दुसरी तक्रार. ती मी तिथंही बोलून दाखवली. अजून नियम बदललेला नाही. तुम्हाला ते चालणार नसेल तर आधीच कळलेलं बरं. त्या दिवसांत शीर्षासन, सर्वांगासन टाळायला सांगतात, ती गोष्ट वेगळी.

शिकवायला बाई आहेत का? आसन दुरुस्त करताना हात लावण्याआधी विचारतात का? गुरू कितीही मोठा असो, एकट्या शिष्येला खोलीत 'विशेष दीक्षे'साठी बोलवत असेल तर त्याच दिवशी बॅग भरायची आणि घरी फोन करायचा. इथं दुसरा विचार करायचा नाही.

तुम्ही हिंदू नसाल तर आरती, ओंकार यात भाग घेणं सक्तीचं आहे का? माझ्या तुकडीत परभणीचीच एक मुस्लिम मैत्रीण होती. प्रार्थनेच्या वेळी ती मागं मौन बसायची आणि तिला कुणी टोकलं नाही. पण सगळीकडं असंच असेल असं नाही, म्हणून विचारा.

४. कागदपत्रं आणि सामान

आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो, घरच्या एका माणसाचा नंबर कागदावर लिहिलेला (मोबाइल जमा करून घेतात, तेव्हा पाठ नसलेला नंबर कामाचा नाही) आणि डॉक्टरांची चिठ्ठी. बीपी, हृदयविकार, हर्निया, फिट्स, काचबिंदू, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर ते लपवू नका. कपालभाती, नौली (पोटाचे स्नायू घुसळायची क्रिया), उलटी आसनं अशा माणसाला करू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. परदेशी मित्राला सोबत नेत असाल तर पासपोर्ट-व्हिसा लागेल, आणि यजमान संस्थेला त्याच्यासाठी चोवीस तासांत परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म (ज्याला 'सी फॉर्म' म्हणत आलेत तो) भरावा लागतो. लहान पाठशाळांना हे माहीत नसतं. तुम्हीच आठवण करा.

सामानात सैल सुती कपडे चार जोड, सतरंजी, जाड चादर, कानटोपी, बॅटरी, तांब्या, नेतीची लोटी, ताट-वाटी-पेला, वही, रोजची औषधं, डास पळवायची ट्यूब. मॅट नेलीत तरी चालेल, पण शेणानं सारवलेल्या ओट्यावर ती दोन दिवसांत ओळखू येत नाही. माझी जांभळी मॅट शेवटी वासराच्या अंगावर घालायला गेली.

५. पोचायचं कसं

अंबाजोगाईला रेल्वे नाही. जवळचं मोठं स्टेशन परळी वैजनाथ, तिथून एसटी. लातूरहून येणाऱ्यांनाही एसटीच सोयीची. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना तिकीटच नाही. वयाच्या पुराव्याला आधार जवळ ठेवा. दुपारी तीनच्या आत पोचा. संध्याकाळी पोचलात तर आरतीची वेळ असते, कुणी जागचं उठत नाही आणि तुम्ही दारात बॅग घेऊन उभे. सुट्टीच्या दिवशी अंबाजोगाईत योगेश्वरीचं देऊळ आणि मुकुंदराजांची समाधी बघून घ्या. दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी याच गावातली.

६. पहिले आठ दिवस

साडेचारला घंटा. पाचला प्रार्थना, मग शुद्धिक्रिया, पावणेसहा ते सात आसनं. कण्यांची पेज किंवा उपमा. आठ ते दहा श्रमदान. साडेदहाला पाठ: पतंजलींची सूत्रं, गीता, कधी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय, जिथं माउलींनी योगमार्गाला 'पंथराज' म्हटलंय. बाराला जेवण, दुपारी पाठ टेकायला तासभर, पाचला प्राणायाम, सांजेला हरिपाठ, सातला जेवण, नऊला सगळं बंद.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं दुखतं. ते चहाचं असतं. आध्यात्मिक अनुभव समजून वहीत लिहून ठेवू नका (मी ठेवलाय, अजून वाचून हसते). घरूनच आठवडाभर आधी चहा एका कपावर आणा.

गुडघे दुखतात ते मांडीमुळं. पाठशाळेत दीड-दीड तास मांडी घालून बसवतात. बुडाखाली घडी घातलेलं पोतं घ्या, लाज बाळगू नका. सूत्र 'स्थिरसुखमासनम्' असं आहे. त्यातलं 'सुखम्' नवी माणसं विसरतात.

श्रमदान टाळू नका. शहरातून आलेली माणसं पहिल्या दिवशी 'मी ध्यान करतो' म्हणून सटकतात. मग स्वयंपाकघरातल्या मावशी त्यांना आठवडाभर गार भाकरी वाढतात. मावशींशी सख्य असणं हा सातवा चक्रभेद आहे.

७. जलनेती: इथं चुकू नका

पाणी उकळून घ्यायचं आणि कोमट होऊ द्यायचं. कच्चं नळाचं किंवा बोअरचं पाणी नाकात घालायचं नाही. क्वचित का होईना, त्यातून मेंदूपर्यंत जाणारा जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. अर्ध्या लिटरला एक सपाट चमचा साधं मीठ. मीठ कमी पडलं तर नाकात मिरची गेल्यासारखी आग होते. मी पहिल्या दिवशी चिमूटभर टाकलं होतं आणि विहिरीच्या कठड्यावर बसून रडत होते.

पुढं वाका, मान एका बाजूला कलती करा, तोंड उघडं ठेवून तोंडानं श्वास घ्या. वरच्या नाकपुडीत लोटीची तोटी टेकवा. पाणी आपोआप खालच्या नाकपुडीतून येतं. जोरानं ओढायचं नाही, बोलायचं नाही. झाल्यावर कमरेत वाकून, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलके हलके श्वास सोडा. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं की पाणी कानात चढतं आणि तीन दिवस कान ठणकतो. सर्दीनं नाक पूर्ण बंद असेल, कानाचं दुखणं असेल किंवा नाकातून रक्त येत असेल तर नेती करू नका.

बाकी धौती, बस्ती, नौली वगैरे पोट-आतडी साफ करायच्या क्रिया पहिल्या खेपेला हट्टानं मागू नका. व्हिडिओ बघून तर मुळीच नको.

८. जेवण

ज्वारीची भाकरी, वरण, एक पालेभाजी, ताक. कांदा-लसूण नाही. ठेचा नाही. मराठवाड्याच्या माणसाला ठेच्याशिवाय चौथा दिवस काढणं काय असतं ते बाहेरच्याला समजायचं नाही. आमच्या तुकडीतला एक दादा उशीखाली तिखटाची पुडी ठेवायचा. मुंग्यांनी त्याला पकडून दिलं.

हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात मिताहाराचा, म्हणजे मोजकं खाण्याचा हिशेब असा आहे, की पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवावा. पण उलट्या टोकाला जाणारे नवखेही पुष्कळ. कमी जेवून लवकर प्रगती होईल या आशेनं अर्ध्या भाकरीवर उठतात आणि सहाव्या दिवशी आसनात चक्कर येऊन पडतात. भूक मारायला कुणी सांगितलेलं नाही.

९. सण: इथं थांबून वाचा

आधी तिथीचा गोंधळ. आपला महिना अमावस्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. म्हणून बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या सोबत्याचा श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी सुरू होतो, आणि आपली माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्र त्याच्या हिशेबी फाल्गुनात पडते. दिवस तोच, महिन्याचं नाव वेगळं. यावर वाद घालून दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत. शिवाय दर अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना येतो, २०२३ साली अधिक श्रावण होता. तेव्हा सगळं महिनाभर पुढं सरकतं. सुट्टी टाकण्याआधी त्या वर्षीचं पंचांग बघा, गेल्या वर्षीचं कॅलेंडर नको.

एकादशी. महिन्यातून दोन. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याकडे उगाच आलेली नाही. साबुदाणा खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, वर तळलेली मिरची. आता गंमत बघा: बटाटा, शेंगदाणा, मिरची, आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कसावा, हे सगळं मूळ अमेरिका खंडातलं. आपल्या उपासाचं अर्धं ताट समुद्रापलीकडून आलंय. पाठशाळेत त्या दिवशी एक वेळ भगर आणि ताक, दुसऱ्या वेळी नुसतं लिंबूपाणी. वाचलेल्या वेळात पाठ वाढतो. एकादशीचा उपयोग तेवढाच: चूल थंड, माणसं मोकळी.

भगरीचं मात्र जपून. मराठवाड्यात नवरात्रात, शिवरात्रीला भगरीतून विषबाधा होऊन माणसं दवाखान्यात गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. सुटं भगरीचं पीठ घेऊ नका, जुनी ओलसर भगर नको, तिला बुरशी लवकर धरते. निवडून, धुऊन, शिजवून लगेच खा. सकाळची रात्री नको. आणि डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नका; पाठशाळेत कुणी 'श्रद्धा ठेवा' म्हणालं तरी.

गुरुपौर्णिमा. आषाढी पौर्णिमा, व्यासपूजेचा दिवस. गर्दी होते, हार येतात, पाकिटं येतात. नव्या माणसाला वाटतं आपण काहीतरी मोठं द्यायला हवं. एक नारळ पुरे. आमचे गुरुजी त्या दिवशी सकाळी आधी स्वतः जाऊन विहिरीवरचा रहाट, जातं आणि पाटावरची पोथी यांना हळद-कुंकू लावतात, मग खुर्चीत बसतात. बस.

नवरात्र. हे जमलं तर नक्की गाठा. तुळजापूरच्या भवानीचा क्रम माहीत असेल तर नवरात्राचा अर्थ निराळाच लागतो. भाद्रपद वद्य अष्टमीला देवीची मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. अमावस्येपर्यंत ती घोर निद्रा. घटस्थापनेला पुन्हा सिंहासनावर. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की पुन्हा पलंगावर, कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा. म्हणजे नऊ रात्रींच्या लढाईआधी झोप आणि लढाईनंतर झोप. पाठशाळेत मला शवासनाचा कंटाळा यायचा, काहीच करत नाही असं वाटायचं. मग एका आजींनी हा क्रम सांगितला आणि म्हणाल्या, "आईला सुद्धा निजावं लागतं बघ, तू कोण लागून गेलीस?"

पाठशाळेत प्रत्येकाला आपापला घट बसवायला देतात. पत्रावळीवर शेतातली काळी माती, त्यात गहू, ज्वारी, हरभरा असं धान पेरलेलं, मध्ये मातीचं गाडगं. रोज पाणी शिंपडायचं. मी उत्साहानं सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी ओतत होते. चौथ्या दिवशी माझ्या घटातून कुबट वास यायला लागला. बाजूच्या पत्रावळ्यांवर बोटभर पिवळे कोंब, माझ्याकडे चिखल. त्याच आजी वाकून बघत म्हणाल्या, "अगं, पाणी घालायलीस का बुडवायलीस?" त्याच आठवड्यात मी प्राणायामाची आवर्तनं कुणाला न सांगता दुप्पट केली होती. ती गुपचूप परत निम्म्यावर आणली. दसऱ्याला सगळ्यांनी घटातले तुरे टोपीत, केसांत खोवले, मी शेजारणीकडून दोन मागून घेतले.

येळवस. ही बाहेरच्यांना माहीतच नसते, आणि माझ्या मते पाठशाळेत सगळ्यात जास्त शिकवणारा दिवस हाच. मार्गशीर्ष अमावस्या, वेळ अमावस्या; लातूर-धाराशिव आणि आमच्या बाजूला येळवस. गावंच्या गावं रिकामी होऊन शेतात जातात. हिरव्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपी करतात, आत पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणून पूजतात, पिकात आंबील शिंपडत फेरी मारतात. जेवायला भज्जी, म्हणजे बेसन लावून शिजवलेली पालेभाज्या-शेंगादाण्यांची मिसळण, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि माठातली आंबील. संध्याकाळी गवताची पेंडी पेटवून पिकाभोवती फिरवतात.

पहिल्या वर्षी शेजारच्या शेतकऱ्यानं सगळी पाठशाळा जेवायला बोलावली. मला तेव्हा तिथं एक महिना झाला होता आणि माझ्या वहीत काय खावं, काय खाऊ नये याची दोन पानी यादी होती. त्यात आंबवलेले पदार्थ तामसी म्हणून खोडलेले. आंबील म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेली. शेतकऱ्याच्या घरच्या काकू पेला घेऊन पुढं आल्या, वर कोथिंबीर तरंगत होती, माठाला फडकं गुंडाळलेलं. मी हात जोडून म्हटलं, "मी घेत नाही." काकूंचा हात तसाच राहिला. गुरुजी दोन ताटं पलीकडे बसले होते. त्यांनी आपला पेला पुढं करून दुसऱ्यांदा आंबील घेतली, प्यायली, मिशी पुसली आणि मला म्हणाले, "ताई, काल पाठात कुठवर आलो होतो?"

आदल्या दिवशीचा श्लोक असा होता: अत्याहार, प्रयास, प्रजल्प, नियमाग्रह, जनसंग आणि लौल्य, या सहांनी योगाचा नाश होतो. अति खाणं, अति कष्ट, बडबड, गर्दी, मनाचा चंचलपणा हे पाच मला पाठ होते. मधला 'नियमाग्रह' मी वहीत लिहिला होता आणि पुढं गेले होते. प्रदीपिकेनं नियमाच्या हट्टाला अति खाण्याच्याच रांगेत बसवलंय.

मी पेला घेतला. आंबट, गार, जिऱ्याचा वास. दुसराही घेतला.

तेव्हा नव्या लोकांना माझं सांगणं असं: रोज नियम पाळा, काटेकोर पाळा, पण सणाच्या दिवशी कुणी हातानं काही वाढलं तर आपली यादी काढू नका. ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा स्पष्ट सांगा.

संक्रांत. तिळगूळ, आदल्या दिवशी भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. थंडीतला स्निग्ध आहार, यात कोडं काही नाही. फक्त 'आजपासून उत्तरायण' असं पाठ म्हणू नका. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. साधारण सतराशे वर्षांपूर्वी मकर प्रवेश आणि हा दिवस एकत्र येत असत. पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरत असल्यानं दोन्हींत आता तीन आठवड्यांहून जास्त अंतर पडलंय. गुरुजी हे दर वर्षी आवडीनं सांगतात आणि दर वर्षी कुणीतरी दुखावतं.

महाशिवरात्र. पूर्ण रात्र पाठ ताठ ठेवून बसायचं. परळी जवळच आणि औंढा नागनाथही मराठवाड्यातच असल्यानं बरेच जण दर्शनाला जातात. पहिल्यांदा असाल तर एकच करा: दर्शनाची रांग किंवा जागरण. दोन्ही केलेल्या माणसाला मी सकाळच्या आरतीत उभ्या उभ्या घोरताना बघितलंय.

नाथषष्ठी, फाल्गुन वद्य षष्ठी. एकनाथांनी पैठणला गोदावरीत देह ठेवला तो दिवस, साल १५९९. आमच्याकडून चालत जाणाऱ्या दिंडीत पाठशाळेचे चार-पाच जण असतात. ऊन कडक झालेलं असतं. पायात नवी चप्पल नको, डोक्याला पंचा हवा, आणि वाटेत पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. काशीहून आणलेली गंगा तहानलेल्या गाढवाला पाजल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. वाटेवर आपली बाटली अर्धी उरली की ती आठवत नाही.

पोळ्याला, म्हणजे श्रावणी अमावस्येला गेलात तर आदल्या संध्याकाळची खांदेमळणी चुकवू नका. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." हात पुढं केलात की तुम्हालाही चोळायला देतात. बैलाच्या मागं उभं राहू नका.

१०. निघताना

मोबाइल, आधारची झेरॉक्स, औषधं परत घेतलीत का बघा. सतरंजी झटकून, खोली झाडून किल्ली मावशींकडे द्या, कार्यालयात नको. तिथं ती हरवते. घरी गेल्यावर साडेचारला उठायचा हट्ट धरून घरच्यांना उठवू नका. वीस मिनिटं आसनं आणि दहा मिनिटं प्राणायाम टिकलं तरी पुष्कळ आहे.

अंबाजोगाईकडे जाणारी पहिली एसटी फाट्यावर सहाच्या सुमारास येते. अंधार असतो, म्हणून ड्रायव्हरला दिसेल अशी बॅटरी हलवावी लागते. नाहीतर गाडी थांबत नाही, पुढची साडेनऊला.